चौतीस शाळांना दाखवलेलं आकाश

मी बोलतोय, आणि जरा मोठ्यानंच बोलतोय, कारण माझ्या अंगावर जुन्या उत्तरपत्रिकांची पोती टाकलेली आहेत. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जिन्याखाली एक खोली आहे. तिथे मोडक्या खुर्च्या, एक बंद पडलेला कूलर आणि मी, असे आम्ही राहतो.

मी कापडाचा घुमट आहे. पंख्यानं हवा भरली की मी उभा राहतो, दोन माणसं उंच आणि एका वर्गाएवढा रुंद. एका भोकातून पोरं रांगत आत येतात, पन्नास पोरं दाटीवाटीनं बसतात, आणि मधल्या प्रोजेक्टरमधून माझ्या आतल्या अंगावर तारे पडतात. कागदोपत्री माझं नाव 'फिरते तारांगण'. आमचा ड्रायव्हर लटारूभाऊ मला तंबू म्हणायचा. मला तेच बरं वाटायचं, कारण तो तरी मला हात लावून घडी घालायचा.

माझा जन्म वडसा गावचा. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, आणि त्या नाटक मंडळ्यांची निम्मी बिऱ्हाडं वडशात. त्यांचे पडदे शिवणारा मुखरू म्हणून एक म्हातारा शिंपी आहे. राजवाडा, जंगल, तुरुंग, सगळं त्याच्या मशीनखालून गेलेलं. विद्यापीठाला घाई होती, नागपूरचा दुकानदार महिन्याची मुदत मागत होता, म्हणून काम मुखरूकडे आलं. चोवीस पाकळ्या त्यानं अशा जोडल्या की शिवणीतून उजेडाचा एक कण आत येत नव्हता. बाहेरून काळं, आतून पांढरंशुभ्र.

घ्यायला ज्योत्स्ना आली होती. मुखरूनं तिला विचारलं, "आत काय दाखवता जी?"

"तारे."

म्हातारा हसला. "तारे पाहाले तंबू कायले पायजे बाई? वरतं तं हायेतच."

ज्योत्स्नाही हसली. मला मात्र त्याचा राग आला. जन्मल्या जन्मल्या कोणी असं बोलतं का!

ही ज्योत्स्ना म्हणजे विभागातली संशोधक विद्यार्थिनी. नागभीडजवळच्या खेड्यातली, घरी धानाची शेती, घराण्यात एवढं शिकलेली पहिलीच. तिचे मार्गदर्शक, म्हणजे सर, अतिशय लांबच्या आकाशगंगांवर काम करायचे. त्यांचा उजेड इथवर यायला इतका काळ लागतो की तो निघाला तेव्हा पृथ्वीच झालेली नव्हती. ज्योत्स्ना चार वर्षं त्याच उजेडाचे आकडे मांडत होती. दुर्बिणी कुठल्या कुठे परदेशात, डोंगरांवर. तिच्याकडे यायचे ते फक्त आकडे. सकाळी नऊला ती संगणकासमोर बसायची आणि उठायची तेव्हा डोळे लाल झालेले असायचे. आकाशाकडे बघायला तिला सवडच नव्हती. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतोय.

सरांचा प्रकल्प मंजूर झाला, पण वरून एक अट आली. या संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला ते दाखवा. आता अब्जावधी वर्षांपूर्वीच्या उजेडाचा चंद्रपूर-गडचिरोलीच्या समाजावर काय परिणाम होणार? सरांनी मार्ग काढला, तो म्हणजे मी. साठ शाळा, दोन जिल्हे, एक जीप. बरोबर कोण जाणार? अर्थात ज्योत्स्ना.

उद्घाटनाचा दिवस मला चांगला आठवतो. प्रोजेक्टर आदल्या संध्याकाळी परदेशातून आला होता. खोकं उघडायलाही वेळ नव्हता. पाहुणे एक तास उशिरा आले आणि आल्यावर त्यांना एकदम घाई झाली. सगळे मोठमोठे लोक बूट काढून गुडघ्यांवर रांगत माझ्या पोटात शिरले. सर दारातून म्हणाले, "ज्योत्स्ना, चालू कर, चालू कर!" तिनं चालू केलं. टाळ्या वाजल्या. हार पडले. त्यातला एक हार माझ्याही दाराला अडकवला होता. मी फुगलो होतोच, आणखी फुगलो.

मग आमची वारी सुरू झाली म्हणायची नाही, फेरी म्हणू. भद्रावती, वरोरा, मूल, सावली, आरमोरी. सकाळी दहाला मी उभा, चारला मी झोपलेला. दिवसाला सहा खेळ. आत एका गोड आवाजाची फिल्म चालायची आणि ज्योत्स्ना दाराशी टॉर्च धरून पोरं मोजायची. एका खेळाची पोरं बाहेर काढून दुसरी आत घेईपर्यंत तिला पाणी प्यायलाही मिळत नसे. पोरांच्या मोज्यांचा वास, कुणीतरी अंधारात मारलेली शिट्टी, मास्तरांचं "एऽ गप बसा!", हे मी रोज पोटात घेत होतो. पण तारे लागले की एकदम जी शांतता व्हायची तिची मला चटक लागली होती. मला वाटायचं, ही शांतता माझीच कमाई आहे.

शेवटी प्रत्येकाला एक कागद भरायचा असे. आज नवीन माहिती मिळाली का? कार्यक्रम आवडला का? शास्त्रज्ञ व्हावंसं वाटतं का? हो किंवा नाही. पोरं पेन चावत विचार करू लागली की मास्तर ओरडायचे, "बसून राह्यले का रे? सगळे 'हो'वर टिक करा, घंटा होऊन राह्यली!" पोरं भराभर टिक करायची. असा परिणाम आम्ही पोत्यांनी जमा केला.

चौतीस शाळा झाल्या आणि डिसेंबरात आम्ही एटापल्लीच्याही पुढे एका आश्रमशाळेत पोचलो. दिवसभर वीज नव्हती. ती आली चारला. शेवटचा खेळ सुरू झाला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. स्वयंपाक उरकून सीताबाई आत आल्या आणि पोरींच्या मागे बसल्या. या सीताबाई शाळेत स्वयंपाक करायच्या. फिल्ममध्ये बाण आला, गोड आवाज म्हणाला, हा ध्रुव तारा, हा उत्तर दिशा दाखवतो.

"चुकलं जी," सीताबाई म्हणाल्या.

पोरी खुसखुसल्या. ज्योत्स्नानं टॉर्च फिरवला. "काय चुकलं बाई?"

"हा एवढा वर नाई राहत. लय खाली राहते. आमी मोहफुलं वेचाले पहाटे जातो तं त्याले पाहूनच वाट धरतो. असा डोक्यावर राह्यला असता तं आमी कुठच्या कुठी गेलो असतो!"

"फिल्म आहे बाई, त्याच्यात थोडं..." ज्योत्स्ना बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "चला, दाखवा मले."

सगळ्या पोरी, सीताबाई आणि ज्योत्स्ना बाहेर गेल्या. मी हवेनं भरलेला तसाच उभा होतो आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं आकाश पाहिलं. तोवर चारलाच माझी घडी होत असे ना! माझ्या पोटात पडायचे ते तारे मोजून काही हजार. इथे मोजायचं कुठून, हाच प्रश्न होता.

सीताबाईंनी शाळेच्या कौलांच्या जरा वर बोट दाखवलं. ज्योत्स्नानं हात लांब करून मूठ धरली. लांब केलेल्या हाताची एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. एकावर एक, दोन मुठी. म्हणजे वीस. ती आत आली, माझ्या मध्यावर बसून तिनं तसंच मोजलं. पाच मुठी आणि वर थोडं. बावन्न.

चूक शोधायला तिला दोन मिनिटं लागली. प्रोजेक्टरला आपण कुठल्या गावी आहोत ते सांगावं लागतं, त्या गावाप्रमाणे तो फिल्ममधले तारे मांडतो. आपण जितके उत्तरेला, तितका ध्रुव वर. यंत्र जिथे बनलं त्या थंड देशातल्या गावाचं नाव त्यात भरलेलं होतं आणि उद्घाटनाच्या घाईत ते बदलायचं राहून गेलं होतं. चौतीस शाळांतल्या दहा हजार पोरांना आम्ही भलत्याच देशाचं आकाश आपलं म्हणून दाखवलं होतं, आणि त्यांनी 'हो'वर टिक केली होती.

"माझी चूक हाये सीताबाई," ज्योत्स्ना म्हणाली. "चार वर्षं मी हेच शिकून राह्यली, आन मले दिसलं नाई."

"व्हते जी," सीताबाई म्हणाल्या. "आता बराबर करा न. पोरी बसल्या हायेत."

तिनं गाव बदललं. माझ्या आतला ध्रुव सरसर खाली आला आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या. तिनं खेळ पहिल्यापासून परत दाखवला. मी त्या दिवशी लाजेनं अर्धा झालो होतो, पण थोडं हलकंही वाटत होतं.

परतताना जीपमध्ये लटारूभाऊ म्हणाला, "मॅडम, मंग त्या चौतीस शाळाईचं काय?"

"परत जावं लागन भाऊ. नाई तं चिठ्ठी तरी पाठवावी लागन."

"जाऊ न मंग. गाडी काय, आपलीच हाये."

सर काही दुष्ट माणूस नव्हते. हळू बोलायचे, ज्योत्स्नाला स्वतःची पुस्तकं द्यायचे, तिच्या आईच्या आजारपणात त्यांनी तिला डॉक्टर शोधून दिला होता. म्हणून तर मला जास्त चीड येते. तिनं सगळं सांगितलं तेव्हा मी त्यांच्या खोलीबाहेर गुंडाळलेला पडलो होतो आणि दार उघडं होतं. आधी ते हसले. मग त्यांना कळलं की ती हसत नाहीये.

"सर, चौतीस शाळांना एक पानाचं पत्र पाठवू. मी लिहिते. जमेल तिथे परत जाऊ."

"ज्योत्स्ना, ध्रुव किती उंचावर होता हे एका तरी मुलाच्या लक्षात असेल का? अंधारात बसायला मिळालं, एवढंच आठवत असेल त्यांना."

"पण आपण चुकीचं शिकवलं, सर."

"पुढे बरोबर शिकव. पहिल्या टप्प्याचा अहवाल गेलाय, दहा हजार मुलं, सत्त्याण्णव टक्के 'हो'. आता विद्यापीठानंच पत्र पाठवायचं की आम्हाला आमचं आकाश माहीत नव्हतं? आकाशाचा अभ्यास करणाऱ्या विभागानं?" मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "तुझा प्रबंध माझ्या टेबलावर आहे. पुढच्या महिन्यात सही करायची म्हणतोय. मध्येच हे काढू नकोस."

याला कोणी धमकी म्हटलं असतं तर सरांना फार वाईट वाटलं असतं. ज्योत्स्ना बाहेर आली, माझ्या घडीवर बसली. लटारूभाऊनं विचारलं तेव्हा म्हणाली, "सही होऊ दे भाऊ. मंग पाठवू पत्र."

आणि जानेवारीत चंद्रपूरला विज्ञान प्रदर्शन भरलं. मैदानाच्या एका टोकाला मला उभं केलं, आता दुरुस्त केलेलं आकाश घेऊन. सर प्रमुख पाहुणे आणि परीक्षकही. माझ्या दाराला लागूनच नववीतल्या एका मुलीचं टेबल होतं. पुनम तिचं नाव, भद्रावतीची. वडील तिथल्या कारखान्यात कामाला. तिच्या तक्त्यावर लिहिलं होतं, 'आमच्या गच्चीवरून ध्रुव तारा'.

कोनमापक, त्याला चिकटवलेली एक नळी आणि दोऱ्याला लटकवलेला नट. नळीतून तारा बघायचा आणि दोरा कुठे पडतो ते वाचायचं. चाळीस दिवस रोज संध्याकाळी सातला ती गच्चीवर गेली होती. ढग, वारा, डाव्या डोळ्यानं की उजव्या, सगळं टिपलेलं. ज्योत्स्ना तक्त्याजवळ आली आणि थबकली. चाळीस ओळींत एकच आकडा होता. बावन्न, बावन्न, बावन्न. आणि प्रत्येक बावन्नच्या खाली खोडायच्या पांढऱ्या शाईचा जाड थर होता. तिनं कागद उजेडाकडे धरला. खाली वीस होतं, कुठे एकोणीस, कुठे एकवीस.

"हे खोडलं काऊन?"

"चुकलं होतं मॅडम," पुनम म्हणाली. "मी चाळीस दिवस चुकीचंच मोजत होती."

"कोण म्हणते चुकलं?"

"तुमचा हाच तंबू आमच्या शाळेत आला होता नं, तवा मी हे साधन घेऊनच आत बसली. तं बावन्न आलं. आमच्या शाळेतल्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, विद्यापीठ चुकन का तू चुकशीन? मंग मी नळी बदलून पाह्यली, दोरा बदलून पाह्यला, तरी वीसच येत होतं. बाबानं डोळ्याच्या डॉक्टरकडे पण नेलं. डॉक्टर म्हणे डोळे चांगले हायेत." तिनं खांदे उडवले. "मंग काय माहीत कुठी चुकते मी."

मी सांगतो, त्या क्षणी माझ्या चोवीसच्या चोवीस शिवणी उसवल्या असत्या तर बरं झालं असतं. दहा हजार पोरांत एकीनं मोजलं होतं. एकीनं! ज्या कामासाठी मला जन्माला घातलं असं सगळे भाषणांत सांगायचे, ते काम या पोरीनं माझ्या आधीच करून ठेवलं होतं, आणि मी येऊन ते खोडायला लावलं.

ज्योत्स्नानं तोंड उघडलं. "पुनम, ऐक..."

तेवढ्यात सर आले, मागे शिक्षण खात्याचे लोक, फोटोवाले. सरांनी तक्ता वाचला. "बावन्न?" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे क्षणभर ज्योत्स्नाकडे गेले. त्यांना सगळं कळलं होतं. चूक म्हणावी तर ही चूक आली कुठून, हे चारचौघांत सांगावं लागणार होतं. सर हसले. "वा! चाळीस दिवस! चिकाटी बघा या मुलीची." आणि पुढे सरकताना ज्योत्स्नाला हलकेच म्हणाले, "सोमवारी ये. सही करून ठेवतो."

पुनमला पहिलं बक्षीस मिळालं. सरांच्याच हातून. फोटो माझ्यासमोर उभं करून काढला. मग ती ढाल छातीशी धरून धावत ज्योत्स्नाकडे आली.

"मॅडम, म्हणजे आता बराबर हाये नं?"

मी हवेनं गच्च भरलेला होतो, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. ज्योत्स्नाला येत होता. तिनं पोरीकडे पाहिलं, सरांच्या पाठीकडे पाहिलं. घरी वाट बघणारे आईबाप तिच्या डोळ्यांपुढे आले असतील, चार वर्षांचे लाल डोळे आठवले असतील. मला तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही, पण घडलं ते असं घडलं.

"हो," ती म्हणाली.

सोमवारी सही झाली. ज्योत्स्ना आता डॉक्टर ज्योत्स्ना आहे, दूर कुठे मोठ्या संस्थेत असते, आणि तिचं काम चांगलं आहे असं इथले लोक म्हणतात. ते पत्र काही गेलं नाही. सही झाल्यावर निरोप समारंभ होता, मग मुलाखत, मग गाडीचं तिकीट. माणसं एकदा नंतर म्हणाली की ते नंतर फार लांबचं असतं. साठ शाळाही पूर्ण झाल्या नाहीत, प्रकल्पाची मुदत संपली. शेवटचा अहवाल छापला तो गुळगुळीत कागदावर. मुखपृष्ठावर पुनम आहे, ढाल घेऊन, मागे मी. खाली लिहिलंय, 'समाजावरील परिणाम'. त्याच्या उरलेल्या प्रती इथेच, माझ्या शेजारी, वाळवी खाते आहे. मलाही उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलंय. त्याचं मला काही वाटत नाही.

मला वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मागच्या महिन्यात लटारूभाऊ खोलीत जुनं टायर शोधायला आला होता. बरोबर शिपाई होता. मला पाहून तो थांबला आणि शिपायाला म्हणाला, "ह्या तंबूवाली ते पोरगी नाई का, ते भेटली परवा भद्रावतीच्या बसस्टँडवर. अकरावीत गेली. म्हटलं, सायन्स घेतलं असन? तं म्हणे, नाई भाऊ, मले मोजता येत नाई."

शिपाई म्हणाला, "असते एखाद्याचं गणित कच्चं." टायर मिळालं आणि ते दार लावून गेले.

विद्यापीठ पत्र पाठवणार नाही. ज्योत्स्नाचं नंतर येणार नाही. मी हा असा पोत्यांखाली. म्हणून तुम्हाला सांगतोय, तुम्हाला तरी पाय आहेत. भद्रावतीच्या बाजूला जाणं झालं तर पुनमचं घर विचारा, कारखान्याच्या वसाहतीत कोणीही सांगेल, बक्षीस मिळालेली मुलगी म्हणून. तिला बक्षिसाबद्दल काही बोलू नका. एवढंच सांगा, पोरी, ध्रुव विसावरच आहे. चाळीसच्या चाळीस दिवस तुझं बरोबर होतं. ती नळी टाकून दिली नसशील तर आज संध्याकाळी गच्चीवर जा, आणि परत मोज.